टीबीची औषधं चालू असतानाच फुफ्फुसात बुरशी, तेही १९व्या वर्षी. कुणी पाहिलंय का? (नागपूर)

उमरेडरोड

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, आज विचारायचं आहे.

माझी भाची १९ वर्षांची आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, नंदनवनात मैत्रिणींसोबत खोली करून राहते, डबा मेसचा. फेब्रुवारीत खोकला सुरू झाला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) केली, टीबी निघाला. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे असा रिपोर्ट, म्हणजे साधा टीबी. गोळ्या सुरू झाल्या आणि सुरुवातीला छान उतार पडला. मग पुन्हा ताप, उजवीकडे छातीत दुखणं, आणि एका सकाळी खोकताना बेसिन लाल.

जिथे दाखवत होतो तिथे सांगितलं, "औषध लागू पडत नाहीये, बिघडलेला टीबी असेल, पुढची लाइन सुरू करू." ताईला ते पटलं नाही. दुसरीकडे नेलं. तिथे पहिल्याच तासात बोटातून रक्त घेऊन साखर बघितली तर ४००च्या वर. घरात कुणाला साखर नाही, पोरगी काडीसारखी. सीटी झाला, दुर्बीण घालून नमुना घेतला. टीबी आहेच, पण सोबत म्यूकर ही बुरशी आहे म्हणतात. फुफ्फुसात.

आम्हाला म्यूकर म्हटलं की कोविड आणि डोळा काढलेले लोक आठवतात. हे दोन्ही एकाच वेळी होतं का? या वयात? खोलीतल्या मुलींना धोका आहे का? आणि मुंबईला हलवावं का? नातेवाईक रोज फोन करून हाच प्रश्न विचारतायत.

कमीतिखट

बापरे. काळजी घ्या. मला यातलं काही कळत नाही, पण ताईंनी दुसरीकडे नेलं हे फार बरं केलं.

छातीनिवासी

मी श्वसनरोग विभागात निवासी डॉक्टर आहे, कुठे ते सांगणार नाही. पेशंट न बघता सल्ला देणं बरोबर नाही, तेव्हा हे फक्त समजून घेण्यासाठी.

दोन्ही एकत्र होतं. वारंवार दिसत नाही, पण दिसतं. वयापेक्षा मागे काय चाललंय ते महत्त्वाचं, आणि तुम्ही ते स्वतःच लिहिलंय : साखर ४००. म्यूकर जातीच्या बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, सडक्या पाल्यात सगळीकडे असतात. तुम्ही आम्ही रोज ओढतो. निरोगी फुफ्फुसातल्या पेशी ते तिथल्या तिथे संपवतात. साखर बेफाम वाढलेली असेल तर त्या पेशी सुस्तावतात. त्यातून रक्तात कीटोन वाढून आम्लता आली असेल तर रक्तात एरवी प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह फार मानवतं. म्हणून मधुमेही, स्टिरॉइडवरचे, रक्ताच्या कॅन्सरचे, किडनी बदललेले, यांच्यात ती जास्त. कोविडमध्ये साखर आणि स्टिरॉइड हे दोन्ही एकदम आलं आणि नाका-डोळ्याचा म्यूकर घरोघरी माहीत झाला. फुफ्फुसाचा त्याच्या आधीपासून होता.

१९ वर्षांची, बारीक मुलगी आणि एवढी साखर म्हटलं की टाइप १ मधुमेह आधी डोक्यात येतो. कुठलंही मोठं इन्फेक्शन साखर वाढवतं, टीबीही वाढवतो, पण इतकी नुसत्या टीबीने सहसा नाही. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) केलं असेलच. कीटोन तपासले का ते विचारा.

म्यूकर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. टीबी लागतो. खोलीतल्या मुलींची टीबीसाठी तपासणी करून घ्या. आजार नाही निघाला तरी प्रतिबंधक औषध द्यायचं का ते आरोग्य केंद्रातले लोक सांगतील. योग्य औषध सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता खूप कमी होते, त्यामुळे आता तिला वेगळं ताट-वाटी वगैरे प्रकार करू नका.

मुंबईबद्दल नंतर लिहितो, राउंड आहे.

इतवारीभाऊ

डॉक्टरसाहेब, मले एक सांगा. हे बुरशी हवेतच रायते म्हणता, तं आमच्या कूलरचं काय? काल गवताच्या ताट्या बदलासाठी उघडला तं आतमंदी हिरवागार बगीचा. नागपुरात मे महिन्यात कूलरबिगर मानूस जगते का? मंग तं अख्ख्या शहराले म्यूकर झाला पायजे.

कमीतिखट

इतवारीभाऊ, तुमच्या कूलरमध्ये संत्र्याचं झाडही लागलं असेल, बघा जरा.

ताट्यांचा_व्यापारी

हसू नका हो. दर सीझनला आम्ही ओरडून सांगतो की गेल्या वर्षीच्या ताट्या वापरू नका. लोक झटकून, उन्हात वाळवून तेच गवत परत लावतात आणि वर म्हणतात वास मस्त येतो.

छातीनिवासी

कूलरमुळे म्यूकर झाला असं कुणाच्याही बाबतीत म्हणता येणार नाही, बीजाणू नसलेली जागाच नाही. पण ज्यांना दमा आहे किंवा फुफ्फुसात जुनी पोकळी आहे त्यांनी सडक्या ताट्यांसमोर झोपू नये, एवढं नक्की. जुन्या ताट्या झटकायचं कामही त्यांनी करू नये. आणि टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा, बुरशीसाठी नाही तरी डेंग्यूच्या डासासाठी. आता कूलर पुरे.

स्लाइडवाली

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. उमरेडरोड, तुमच्याकडे म्यूकर आहे असं सांगितलंय ते कशावरून, ते एकदा विचारून घ्या. अविश्वास म्हणून नाही, पुढची औषधं त्यावर ठरतात म्हणून.

नमुना आला की आम्ही आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून बघतो, त्याला केओएच म्हणतात. तासाभरात कळतं. म्यूकरचे धागे रुंद, चपट्या फितीसारखे, मध्ये पडदे जवळपास नाहीत, फांद्या काटकोनाच्या आसपास फुटतात. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, ठरावीक अंतरावर पडदे, फांद्या लघुकोनात. सवय झालेल्या डोळ्याला फरक दिसतो, पण तुटकेफुटके धागे असले की चांगल्या माणसाचीही फसगत होते. म्हणून सोबत कल्चर (नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं). म्यूकरचं कल्चर बऱ्याचदा उगवतच नाही, कारण नमुना खलबत्त्यात कुटावा तसा वाटला की बिनपडद्याचे ते धागे मरतात. तुकडे बारीक कापून लावायचे असतात. हे सगळीकडे पाळलं जातं असं नाही.

दुसरं, रक्तातली गॅलॅक्टोमॅनन नावाची तपासणी अ‍ॅस्परजिलससाठी आहे. म्यूकरमध्ये ती निगेटिव्हच येते. गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह आली म्हणून "बुरशी नाही" असं सांगून घरी पाठवलेले पेशंट आमच्याकडे परत आलेत.

आणि टीबीच्या पेशंटच्या थुंकीत आम्ही बुरशी शोधतो का? कुणी फॉर्मवर लिहिलं तरच. फॉर्मवर "टीबीसाठी" एवढंच लिहिलेलं असतं, आम्ही टीबी बघतो, रिपोर्ट जातो. खरी मेख इथे आहे असं माझं मत. टीबी सापडला की सगळ्यांचं समाधान होतं आणि दुसरं काही असेल हा विचारच थांबतो.

चष्मिष

स्लाइडवाली, थोडा वेगळा सूर लावतो. आता हा धागा वाचून लोक उद्यापासून प्रत्येक टीबीवाल्याची बुरशी तपासा म्हणून मागे लागतील. माझ्या मावसभावाचा अनुभव सांगतो. वय २४, टीबी, औषधं चालू. कुठल्याशा पॅकेजमध्ये थुंकीचं फंगल कल्चर केलं, कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. घरात रडारड. महिनाभर फ्लुकोनाझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध, घेतलं. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "तोंडात पांढरं काही आहे का? नाही? मग हे कशाला खातोस?" ती कॅन्डिडा तोंडातली होती.

स्लाइडवाली

चष्मिष, यात मतभेद नाहीच. कॅन्डिडा तोंडात, घशात असतेच. थुंकीत ती येणार, टीबी असो की नसो. कॅन्डिडाने फुफ्फुसाचा न्यूमोनिया होणं फार विरळ. एका थुंकीत एकदा अ‍ॅस्परजिलस उगवला तरी तोसुद्धा नुसता हवेतला असू शकतो. रिपोर्ट, सीटी आणि पेशंटची तब्येत, तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर ते खरं. मी सगळ्यांची तपासणी करा म्हणत नाहीये. औषध नीट घेऊनही पुन्हा ताप चढला, नव्याने रक्त पडलं, पोकळीभोवती नवीन काही दिसलं, तर करा म्हणतेय.

चष्मिष

मग ठीक. सही.

पोकळीवाला

माझी गोष्ट म्यूकरची नाही, पण चुलतभाऊ शोभेल अशी आहे.

अकरावीत असताना टीबी झाला. सहा महिने औषध घेतलं, बरा झालो, क्रिकेटही खेळलो. डाव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला पोकळी राहिली, ती आहे हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पंचविशीत अधूनमधून खोकल्यातून रक्त. प्रत्येक वेळी एक्स-रे, आणि प्रत्येक वेळी "टीबी परत आला". थुंकीत जंतू कधीच सापडला नाही, तरी कोर्स दिला. एकदा सीबीनॅटमध्ये अगदी पुसट पॉझिटिव्ह आलं, मग तर कुणाला शंकाच उरली नाही. नंतर कळलं की बरा झालेल्या टीबीच्या मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ सापडू शकतो, म्हणून आधी टीबी होऊन गेलेल्यांत पुसट रिपोर्ट जपून वाचायचा असतो.

शेवटी एका डॉक्टरांनी सीटी काढताना मला पालथं झोपवून परत फोटो काढला. पोकळीतला गोळा जागचा हलला. अ‍ॅस्परजिलोमा. जुन्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा तयार होतो तो. रक्तात अ‍ॅस्परजिलसची आयजीजी (त्या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं) तपासली, भरपूर वाढलेली.

पुढे एका रात्री इतकं रक्त आलं की थेट अ‍ॅडमिट. मांडीतून नळी घालून रक्त देणारी धमनी बंद केली. काही महिन्यांनी तेवढा भाग कापून काढला. आज बरा आहे, अंबाझरीला चालायला जातो, धावलो की दम लागतो.

उमरेडरोड, एक कामाची गोष्ट. रक्त जास्त येऊ लागलं तर ज्या बाजूच्या फुफ्फुसातून येतंय ती बाजू खाली करून कुशीवर झोपवायचं. तुमच्या भाचीची उजवी, म्हणजे उजव्या कुशीवर. म्हणजे चांगल्या फुफ्फुसात रक्त उतरत नाही. घरचे लोक घाबरून पाठीवर झोपवतात. आणि झोपवून वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

जुनीपानं

पोकळीवाला यांच्यासारख्यांची संख्या कमी नाही. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये टीबी बरा होऊन पोकळी राहिलेल्या ५४४ जणांना तपासलं होतं. सुमारे चौथाई लोकांच्या रक्तात अ‍ॅस्परजिलसविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि ११ टक्क्यांच्या पोकळीत गोळा दिसत होता. तीनेक वर्षांनी परत बघितलं तेव्हा तो आकडा १७ टक्क्यांवर गेलेला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीपासून हे माहीत आहे. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी एक भारतात, तर आपल्याकडे अशा पोकळ्या किती असतील याचा विचार करा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची पहिली धोक्याची यादी काढली, १९ बुरशींची. त्यात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आणि म्यूकर त्याखालच्या गटात.

आयुर्धन

हळद, सुंठ आणि गोमूत्र अर्क रोज दोन वेळा. बुरशी मुळासकट जाते. ही इंजेक्शनं किडनी खराब करतात, मुलीचं आयुष्य पडलंय. नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

पोकळीवाला

साहेब, त्या रात्री मला हळद दिली असती तर हा प्रतिसाद लिहायला मी नसतो.

इतवारीभाऊ

आयुर्धन भाऊ, राजेहो, पोट्टी रक्त ओकून रायली अन् तुमी नंबर वाटून रायले. जरा थांबजा ना बाप्पा.

संपादक

आयुर्धन, औषधविक्रीचे निरोप या विभागात चालत नाहीत. पुढचा प्रतिसाद काढला जाईल.

गोळ्यांचा_हिशोब

फार्मासिस्ट आहे. अजून कुणी मुख्य भानगडीचं बोललं नाही म्हणून लिहिते.

टीबीच्या रंगीत गोळीत रिफाम्पिसिन असतं. ते यकृतातली औषधं फोडणारी एन्झाइम्स प्रचंड वाढवतं. बुरशीवरची बरीचशी तोंडी औषधं, व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल, आयसाव्हुकोनाझोल, सगळी याच वाटेने फुटतात. रिफाम्पिसिनसोबत व्होरिकोनाझोल दिलं तर ते रक्तात जवळजवळ उरतच नाही. म्हणजे पेशंट महागडी गोळी वेळेवर खातोय, बिलं भरतोय आणि बुरशी आरामात वाढतेय. रिफाम्पिसिन थांबवलं तरी यकृत पूर्वपदावर यायला साधारण दोन आठवडे लागतात. दोन वेगळ्या डॉक्टरांकडची दोन प्रिस्क्रिप्शनं घेऊन लोक काउंटरवर येतात तेव्हा हे दिसतं. कृपा करून दोन्ही फाइली एकाच डॉक्टरसमोर ठेवा.

आणखी एक. व्होरिकोनाझोल म्यूकरवर चालतच नाही, फ्लुकोनाझोलही नाही. "बुरशीची गोळी" अशी एकच गोळी नसते.

चष्मिष

मग रिफाम्पिसिन थोडे दिवस बंद ठेवायचं, झालं.

छातीनिवासी

नाही झालं. रिफाम्पिसिन हा सहा महिन्यांच्या कोर्सचा कणा आहे. ते काढलं तर कोर्स लांबतो, दुसरी औषधं घालावी लागतात, आणि अर्धवट बंद-चालू केलं तर साध्या टीबीचा खरंच बिघडलेला टीबी होतो. कधी कधी आम्ही ते बदलतोही, पण तो निर्णय टीबीचा आणि बुरशीचा तोल बघून होतो.

या मुलीच्या बाबतीत सुदैव एवढंच की म्यूकरचं पहिलं औषध अ‍ॅम्फोटेरिसिन शिरेतून जातं आणि त्याची रिफाम्पिसिनशी अशी मारामारी नाही. त्यामुळे सुरुवातीचे आठवडे दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात. अडचण पुढे गोळ्यांवर आणताना येते. अ‍ॅम्फोटेरिसिनने किडनीवर ताण येतो, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं, इंजेक्शन चालू असताना हुडहुडी भरते. म्हणून आधी सलाइन, आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी), पोटॅशियम सारखं बघणं. लायपोसोमल प्रकारात त्रास कमी, खर्च जास्त.

आणि नुसत्या औषधावर बऱ्याचदा भागत नाही. म्यूकर रक्तवाहिन्यांत घुसतो, त्या बुजतात, पुढचा भाग मरतो. मेलेल्या भागात रक्त नाही म्हणजे औषधही पोचत नाही. आजार एकाच भागात असेल तर तो भाग कापून काढल्याने जगण्याची शक्यता वाढते.

मुंबईबद्दल : श्वसनरोग तज्ज्ञ, छातीचा सर्जन, मधुमेहाचा डॉक्टर आणि बुरशी ओळखणारी लॅब हे चारही जिथे एकमेकांशी बोलतात ती जागा योग्य. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, बाजूला सेवाग्राम, सावंगीची मेडिकल कॉलेजं आहेत. रक्त पडणाऱ्या पेशंटला चौदा तास रेल्वेत बसवण्याआधी इथे नीट विचारा.

वर्धेकर

अ‍ॅम्फोटेरिसिन म्हटल्यावर राहवलं नाही. मे २०२१ मध्ये हे इंजेक्शन काळ्या बाजारातही मिळत नव्हतं तेव्हा आमच्या वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने ते बनवायला घेतलं होतं. बाजारात ७००० रुपयांच्या आसपास होतं, ते १२०० रुपयांत देणार असं तेव्हा जाहीर झालं होतं. आमच्या गल्लीत दोन दिवस हाच विषय.

उमरेडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वॉर्डाबाहेर बसून सगळं वाचलं, ताईला मोठ्याने वाचून दाखवलं (गोमूत्र वगळून).

विचारलं सगळं. बायोप्सीतही रुंद बिनपडद्याचे धागेच दिसलेत, कल्चर उगवलं नाही. एचबीए१सी १३च्या वर. लघवीत कीटोन होते. टाइप १च असावा म्हणतात, इन्सुलिन सुरू आहे. म्हणजे टीबीच्या आधीपासून साखर असणार. वजन उतरत होतं, पाणी खूप पीत होती, रात्री उठत होती, ते सगळं आम्ही टीबीच्या नावावर टाकलं.

एक प्रश्न मनातून जात नाही. टीबी सापडला तेव्हा साखर बघायला नको होती का?

स्लाइडवाली

बघायला हवी होती. सरकारी टीबी कार्यक्रमात प्रत्येक पेशंटची साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासायचं असतं. खासगीत दाखवलं तरी निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे आणि या तपासण्या मोफत होतात. प्रत्यक्षात रकाना रिकामा राहतो.

नर्सताई_निवृत्त

मी टीबी वॉर्डात आयुष्य काढलं. तरुण पोरापोरींमध्ये साखरेशिवाय आणखी एक चोर असतो, तो विचारला तरच सापडतो. वजन वाढायच्या, भूक लागायच्या म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्या. त्यात स्टिरॉइड असतं. चेहरा भरतो, आईला वाटतं पोरगं सुधारलं. एका मुलाची पुडी मी स्वतः गादीखालून काढली होती. ज्यांच्या घरी टीबीचं तरुण माणूस आहे त्यांनी रागावून नाही, पण जवळ बसून विचारा : आणखी काय खातोस?

आणि उमरेडरोड, टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी मिळणारे निक्षय पोषणचे पैसे भाचीच्या खात्यात येतात का बघा. आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. अ‍ॅम्फोटेरिसिनचा आणि ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेत कितपत बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारू नका, आजच विचारा.

मोठीआई

मी एक विचारू का, राग नका मानू. मुलीचं पुढे लग्नाचं... फुफ्फुस कापलेलं कळलं तर?

पोकळीवाला

मोठीआई, माझं कापल्यानंतर झालं लग्न. बायकोच्या माहेरी सगळं आधी सांगितलं होतं. सासरे अजून भेटले की आधी खोकला विचारतात, मग तब्येत.

उमरेडरोड

मोठीआई, राग नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला होता. ताईने सांगितलं, आधी श्वास, मग वरात.

नवी खबर. रक्त थांबलंय, ताप उतरलाय. पोटॅशियम दोनदा घसरलं, चढवलं. आजार उजव्या वरच्याच भागात आहे म्हणून सर्जन तेवढा भाग काढायचं म्हणतायत, पण आधी साखर ताब्यात आणि थोडी ताकद. मुंबईचा विषय आम्ही बंद केला. एक शंका : पोटॅशियम कमी होतंय तर नारळपाणी, मोसंबी द्यायची का? बाहेर प्रत्येक भेटायला येणारा नारळ घेऊन येतोय.

गोळ्यांचा_हिशोब

स्वतःच्या मनाने नाही. या औषधाने पोटॅशियम घसरतं खरं, पण किडनी मंदावली तर तेच अचानक वर जाऊ शकतं, आणि ते हृदयाला धोक्याचं. शिवाय मोसंबीच्या रसाने साखर उडेल. वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना विचारा. नारळ भेटायला येणाऱ्यांनाच पाजा, बाहेर ४५ अंश आहे.

छातीनिवासी

बरोबर. ऑपरेशननंतरही बुरशीचं औषध काही काळ चालेल आणि गोळीवर आणायची वेळ आली की रिफाम्पिसिनचा प्रश्न समोर येईल. तेव्हा आठवणीने स्वतःहून विचारा, "टीबीच्या गोळ्यांचं काय ठरलं?" डॉक्टर बदलतात, ड्युट्या बदलतात, फाइल जाड होते. टीबीच्या गोळ्या ऑपरेशनच्या गडबडीत सुटल्या असंही होऊ देऊ नका.

उमरेडरोड

लिहून ठेवलं. आता घरी इन्सुलिनचा प्रश्न. तिच्या खोलीवर फ्रिज नाही, गावी लाइट जाते.

गोळ्यांचा_हिशोब

न उघडलेल्या बाटल्या किंवा पेन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, मात्र ते "बाहेर" म्हणजे २५-३० अंश, नागपूरचा मे नव्हे. फ्रिज नसेल तर मातीचा माठ : मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात डब्यात बंद इन्सुलिन, वर ओलं फडकं, सावलीत. दिवसातून दोनदा वाळू भिजवायची. साठा घरमालकांच्या फ्रिजमध्ये ठेवता आला तर उत्तम.

इतवारीभाऊ

माठ अन् वाळूचं मी पायतो, तुमी टेन्शन घेऊ नका. कोनता वॉर्ड अन् भेटाचा टायम किती वाजताचा, थे तेवढं व्यक्तिगत निरोपात सांगजा.